पुस्तक मिटल्यावर किती उगवतं?

२०२४ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दहावीचा निकाल नुकताच लागलेला आणि आमची खरिपाची धावपळ सुरू झालेली. घरचं सोयाबीन बियाणं वापरणाऱ्या शेतकऱ्यांकडं जाऊन उगवणक्षमता तपासून घ्यायची, असा कार्यक्रम होता. मराठवाड्यातल्या एका लहान गावात, एका काकांच्या ओसरीवर आम्ही ओलं गोणपाट उलगडलं. आठवड्यापूर्वी दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे ठेवले होते. मोजले. ७८ उगवले होते.

"बियाणं पास झालं बघा काका," मी म्हणालो.

काका काही हसले नाहीत. म्हणाले, "बियाणं पास झालं साहेब, लेक नापास झाली."

विज्ञान आणि इतिहास, दोन विषय गेले होते. एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो हे काकांना ठाऊक होतं, पण मन उठलं होतं. "रात्री अकरापर्यंत वाचायची. घरात आवाज यायचा आम्हाला. अभ्यास केला नाही असं कसं म्हणू? डोक्यातच नसंल तर लेकरानं तरी काय करावं? आता पुढं पैसे घालून काय उपयोग? एक स्थळ बी आलंय."

पोरगी सोळा वर्षांची. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, ते मी काकांना तिथंच सांगितलं. पण माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्याच वाक्यावर. 'डोक्यातच नाही.' हा निकाल कोणत्या बोर्डानं दिला? मुलगी वर्षभर रात्री अकरापर्यंत वाचते आणि तरी पेपरात आठवत नाही, तर दोष डोक्याचा की वाचण्याच्या रीतीचा?

मी तिचं विज्ञानाचं पुस्तक मागून घेतलं. पानन् पान पिवळ्या-हिरव्या पेनानं रंगवलेलं. न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा तिनं किती वेळा वाचला विचारलं, तर म्हणाली, "सात-आठ वेळा तरी." मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "ताई, आता यातलं आठवेल ते सांग. चुकलं तरी चालेल." तिनं दोन वाक्यं सांगितली आणि थांबली. डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "वाचताना सगळं येतं सर. पेपरात आठवत नाही."

आपल्या किती घरांतून हे वाक्य ऐकू येतं ते पहा. 'वाचताना सगळं येतं.' या एका वाक्यासाठी आजचा हा लेख आहे.

माझीही तीच गत होती

मी शिक्षक नाही. माझं शिक्षण कृषी पदविकेचं, नोकरी पंचायत समितीत, विस्तार अधिकारी म्हणून. पण या दुखण्याचा मी जुना रोगी आहे. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला माझा कीटकशास्त्राचा पेपर राहिला होता. वसतिगृहात सगळ्यात जास्त वेळ दिवा माझाच चालू असायचा. वही चार-चार वेळा वाचायचो, पाचव्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटायची, आणि ओळखीची वाटली की 'आलं' असं समजून पान उलटायचो.

पुढच्या खेपेला अभ्यास वेगळ्या कारणानं झाला. एका ज्युनिअरला तोच विषय समजत नव्हता, तो रोज संध्याकाळी येऊन बसायचा. त्याला सांगताना माझी फजिती व्हायची. बोंडअळीचा जीवनक्रम तोंडपाठ आहे असं वाटायचं आणि कोषावस्थेपाशी गाडी अडायची. मग वही उघडून बघायचो, पुन्हा सांगायचो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारायचा. पेपर निघाला. मला वाटलं नशीब. नशीब नव्हतं, हे बऱ्याच वर्षांनी समजलं.

आयोवाची मुलं आणि भुईमुगाचा धडा

अभ्यासाच्या कोणत्या रीतीनं जास्त लक्षात राहतं, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी फार पूर्वीपासून घासून पाहिला आहे. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस या संशोधकानं १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही वेळानं तीच पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्यांदा किती कमी मेहनत लागते ते मोजायचं. तासाभरानंच पहिल्या मेहनतीचा निम्म्याहून अधिक भाग वाया गेलेला असे. एका दिवसानं साधारण एक तृतीयांश उरे आणि महिन्यानं सुमारे एक पंचमांश. म्हणजे विसरण्याचा मोठा तडाखा पहिल्याच दिवशी बसतो, नंतर झीज हळूहळू होते. उतारावरच्या पहिल्या पावसात माती वाहून जावी, तसंच हे.

यावर उपाय काय, याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतल्या आयोवा राज्यात झाला. आयोवा म्हणजे मक्याचं आगर, शेतीचंच राज्य. तिथल्या ९१ शाळांतल्या सहावीच्या ३,६०५ मुलांना स्पिट्झर नावाच्या संशोधकानं माहितीपर लेख वाचायला दिले. आपल्या वाचकांना गंमत वाटेल, लेखांचे विषय होते भुईमूग आणि बांबू! काही मुलांची चाचणी वाचल्याबरोबर लगेच घेतली, काहींची दुसऱ्या दिवशी, काहींची आठवड्यानं, काहींची त्याहून उशिरा, अशी थेट ६३ दिवसांपर्यंत. १९३९ साली हे निष्कर्ष छापून आले. वाचून झाल्याझाल्या ज्यांना आठवून उत्तरं द्यावी लागली, त्यांच्या लक्षात ती माहिती पुढं कित्येक आठवडे टिकली. ज्यांना मध्ये कुणीच काही विचारलं नाही, त्यांची बरीचशी माहिती पहिल्या काही दिवसांतच गळून गेली.

हेच २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी आणखी बारकाईनं तपासलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं चार वेळच्या बैठकीत तो फक्त वाचला, सरासरी १४ वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटानं पहिल्या बैठकीत तीन-चार वेळा वाचला, आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं. वेळ दोघांना सारखाच.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१ टक्के. मात्र आठवड्यानं पारडं फिरलं. वाचणाऱ्यांचं उरलं ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांचं ६१ टक्के. म्हणजे ज्यांनी १४ वेळा वाचलं ते मागं पडले आणि तीन-चार वेळा वाचणारे पुढं गेले.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. 'आठवड्यानं तुमच्या किती लक्षात राहील' असं त्या विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं. तेव्हा जास्त भरवसा होता तो नुसतं वाचणाऱ्यांनाच. ज्यांचं कमी राहणार होतं त्यांनाच जास्त येतंय असं वाटत होतं. काकांच्या लेकीचं 'वाचताना सगळं येतं' आणि माझं वसतिगृहातलं 'आलं', दोन्हीचं मूळ इथं आहे. ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. बाजारात माणूस दिसला की चेहरा ओळखू येतो, पण नाव आठवत नाही, तसं. परीक्षेत मात्र नावच विचारतात.

दाणा टपोरा, पण उगवण किती?

काकांना हे मी गोणपाटावरच समजावलं. "काका, बियाणं दिसायला टपोरं आहे म्हणून तुम्ही पेरलं असतं का?" ते म्हणाले, "नाही साहेब, दोन वर्षांमागं फसलो ना तसंच." सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं, हे आता लहान पोरालाही माहीत आहे. ते कळतं चाचणी घेतल्यावर, दाण्याकडं बघत बसून नाही. अभ्यासाचंही तसंच. पुस्तकाकडं बघत बसलं की सगळं टपोरं दिसतं. किती उगवलं ते पुस्तक मिटल्यावरच कळतं.

पण इथं एक फरक आहे, आणि तो फायद्याचा आहे. गोणपाटात ठेवल्यानं बियाण्याची उगवण काही वाढत नाही, आहे ती फक्त कळते. आठवणीचं तसं नाही. आठवायचा प्रयत्न करणं हीच तिची मशागत. दर वेळी ताण देऊन आठवलं की ती गोष्ट पुढच्या खेपेला लवकर सापडते. रानातली पाऊलवाट वापरात राहिली की मोकळी राहते, बंद पडली की गवत चढतं. म्हणून चाचणी म्हटलं की मास्तरांची छडी आणि गुणपत्रिका डोळ्यांपुढं आणू नये. ही चाचणी ज्याची त्यानं, घरच्या घरी, बिनागुणांची घ्यायची आहे.

एकदम पाट नको, पाळ्या द्या

दुसरी गोष्ट अंतराची. उन्हाळी भुईमुगाला सगळं पाणी एकाच दिवशी देऊन कुणी मोकळं होत नाही. पाळ्या देतो. पण अभ्यासाला मात्र मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री पाट फोडतात. सकाळी थोडी ओल असते, त्यामुळं पेपर कसाबसा जातो. आठवड्यानं रान कोरडं ठणठणीत.

ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवतानाचा एक प्रयोग आहे, बॅडली आणि लाँगमन यांचा, १९७८ सालचा. काहींना रोज एकच तास शिकवलं, काहींना रोज चार तासांपर्यंत. तेवढंच कौशल्य यायला रोज एक तास शिकणाऱ्यांना एकूण तास कमी लागले. दिवस जास्त गेले, पण मेहनत वाचली. आणि इथंही तीच गंमत, आपल्या शिकण्यावर सर्वांत कमी समाधानी होते ते हेच रोज एक तासवाले! चांगली रीत शिकताना कष्टाची वाटते आणि वाईट रीत सोपी वाटते, म्हणूनच पोरं चुकीच्या रीतीकडं वळतात.

गणिताचंही असंच. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ मधल्या प्रयोगात एका गटाला एकाच प्रकारची उदाहरणं सलग सोडवायला दिली, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उदाहरणं बरोबर, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर! कारण सरळ आहे. सलग सोडवताना रीत कोणती लावायची हे ठरवावंच लागत नाही. पेपरात तेच तर ठरवायचं असतं.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीती घेऊन त्यांवरचं आजवरचं संशोधन एकत्र तपासलं. सर्वांत उपयोगी म्हणून दोन निघाल्या, स्वतःची चाचणी घेणं आणि अंतरा-अंतरानं अभ्यास करणं. पेनानं ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही तळाच्या गटात गेल्या. आपल्या मुलांचा सगळा भर या तळाच्या दोन रीतींवरच असतो.

आपल्या घरातलंच जुनं

हे ऐकून कुणी म्हणेल, साहेबांनी अमेरिकेचं काहीतरी आणलं. पण आपल्या आजोबांना विचारा. दिवेलागणीला हातपाय धुऊन ओसरीवर बसून परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, सगळं न बघता. चुकलं की आजोबा तिथंच दुरुस्त करायचे, आणि उद्या पुन्हा तेच. बघा, यात पुस्तक मिटलेलं आहे, चूक लगेच सुधारलेली आहे आणि रोजच्या पाळ्याही आहेत.

काकांच्याच घरी आजी आहेत. अक्षर ओळख नाही. पण हरिपाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत अडखळता म्हणतात. त्यांनी तो वाचून पाठ केलेला नाही. मंडळाबरोबर रोज संध्याकाळी आठवून म्हटला, म्हणून बसला. 'डोक्यातच नाही' म्हणणाऱ्यांनी त्या आजीकडं बघावं. त्यांचीच नात आहे ती.

लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर झालं, त्यातही सराव परीक्षांवर दिलेला भर हा एक मोठा भाग होता. त्या पद्धतीवर घोकंपट्टीची टीकाही झाली आणि ती सगळीच खोटी नाही. न समजता घोकलेलं म्हणजे खताशिवायचं रान, एकदा येतं, पुन्हा येत नाही. तेव्हा आधी समजून घेणं, मग आठवणं, हा क्रम सोडू नये. समजलं नसेल तर शिक्षकांना विचारावं, त्याला पर्याय नाही.

सात आठवड्यांत काय केलं

पुरवणी परीक्षेला जेमतेम सात आठवडे होते. मी काकांकडं एवढंच मागितलं, "स्थळाचं राहू द्या, आणि पोरीला संध्याकाळचा एक तास मोकळा द्या." कारण घरात पाहिलं तर पाणी भरणं, भाकरी, धुणं तिच्याकडं आणि धाकट्या भावाला त्यातलं काही नाही. कसलीही रीत सांगा, वेळच नसेल तर रीत काय करणार? काकांनी धार काढायचं काम स्वतःकडं घेतलं. काकूंनी भावाला हंडा धरायला लावला.

तिनं एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि काकू भाकरी थापत असताना त्यांना सांगायचा. काकू दुसरीपर्यंतच शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "मला काय कळणार त्यातलं?" मी म्हणालो, "काकू, तुम्ही फक्त दोनच शब्द म्हणा. 'मग?' आणि 'का?'" धाकट्या भावाकडं पुस्तक द्यायचं, त्यानं बघून 'हे राहिलं' म्हणायचं. त्याला ते काम फार आवडलं, बहिणीची चूक काढायला कुणाला आवडत नाही! राहिलेला भाग तेवढाच पुन्हा वाचायचा. दुसऱ्या दिवशी नवा धडा सुरू करण्याआधी कालचा न बघता सांगायचा. चार दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा.

पहिल्या आठवड्यात ती वैतागली होती. पंधरा दिवसांनी मी फेरीला गेलो तेव्हा म्हणाली, "सर, आधी जास्त येत होतं. आता काहीच येत नाही असं वाटतंय." मी म्हणालो, "ताई, आधीही एवढंच येत होतं. फक्त आता तुला कळायला लागलंय." तिसऱ्या आठवड्यापासून काकूच मला सांगायला लागल्या की आता 'मग?' म्हणायची वेळ कमी येते.

दोन्ही विषय सुटले. फार मोठे गुण नव्हेत, पण सुटले. पोरगी अकरावीला तालुक्याला जाऊ लागली. एका मुलीवरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांदा परीक्षा देताना थोडी ओळख असतेच, आणि घरानं वेळ दिला त्याचाही वाटा आहे. पण ती रात्री अकरापर्यंत जागत नव्हती, हे मात्र नक्की. नऊला झोपत होती आणि तरी येत होतं.

आमच्या सभांचंही तसंच

हे सगळं पाहिल्यावर मी माझ्याच कामाकडं वळून पाहिलं. इतकी वर्षं आम्ही सभेत सांगत आलो, बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणूसंवर्धन. रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला. सगळे माना डोलावतात. पंधरा दिवसांनी शिवारात विचारलं तर क्रम उलटा झालेला. आम्ही म्हणायचो, शेतकरी ऐकत नाहीत. ऐकत होते हो, आम्ही आठवायला लावत नव्हतो.

आता मी सभा संपताना पत्रक लगेच वाटत नाही. आधी विचारतो, "आज सांगितलेल्या तीन गोष्टी कोण सांगतं?" सुरुवातीला शांतता, मग कुणी एक सांगतो, दुसरा दुरुस्त करतो, हशा होतो. मग पत्रक देतो. पुढच्या सभेची सुरुवात मागच्या सभेच्या प्रश्नांनी करतो. ऐंशीच्या दशकात आमच्या खात्यात 'प्रशिक्षण व भेट' योजना होती. ठरलेल्या पंधरवड्याला ठरलेल्या गावाला भेट व्हायची. जुनेजाणते अधिकारी त्या शिस्तीची आठवण काढतात. पंधरवड्यानं पुन्हा भेट, ही गोष्ट आठवणीच्या दृष्टीनंही योग्य होती असं आता वाटतं.

ग्रामपंचायतीनं काय करावं?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही-मोबाईल दीड तास बंद, मुलं अभ्यासाला. या गावाची बातमी देशभर गेली. कौतुकाचीच गोष्ट आहे. आपल्या सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी असा शांत तास जरूर सुरू करावा. त्याला खर्च काही नाही. मात्र त्या तासात नुसती पानं उलटली जाणार असतील तर निम्मंच काम झालं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत शिक्षकांशी बोलून एवढं ठरवता येईल, की तासाचा पहिला अर्धा भाग वाचनाचा आणि दुसरा अर्धा पुस्तक मिटून सांगण्या-लिहिण्याचा. मंदिराच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर दोन-दोन मुलांच्या जोड्या बसवल्या तरी भागतं. घरात कुणी शिकलेलं नसेल त्या मुलाला तर हाच आधार.

आणि एक विनंती. निकाल लागला की 'या पोराला डोकं नाही' हे वाक्य चावडीवर बोलू नका. पोर ऐकत असतं. मुलीच्या बाबतीत त्या वाक्यावरून पुढं काय काय ठरतं, हे गावात काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

घरी करून पहा

१. धडा समजून एकदा-दोनदा नीट वाचावा. मग पुस्तक मिटावं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावं किंवा कुणाला तरी सांगावं.

२. नंतर पुस्तक उघडून पडताळा घ्यावा. ही पायरी टाळू नये, नाही तर चूकच पक्की होते. जे राहिलं तेवढंच पुन्हा वाचावं.

३. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं आणि पुढं महिन्यानं न बघता आठवावा. दिवस एक-दोन इकडं-तिकडं झाले तरी बिघडत नाही, पाळी चुकवू नये.

४. ओळी रंगवण्याऐवजी समासात प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ 'असं का होतं?', 'फरक काय?' पुढच्या वेळी मजकूर झाकून त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

५. गणितात रीत समजेपर्यंत एका प्रकारची उदाहरणं घ्यावीत. समजल्यावर दोन-तीन प्रकरणांची मिसळून सोडवावीत.

६. नकाशा, आकृती, सूत्र हेसुद्धा न बघता काढावं, मग पडताळावं.

७. आदल्या रात्रीचं जागरण टाळावं. झोप पुरेशी हवी. झोपेतही आठवण पक्की होत असते.

८. आई-वडिलांनी 'अभ्यास केलास का?' असं विचारू नये. त्याचं उत्तर 'हो' एवढंच येतं. 'आज काय शिकलास ते सांग' असं विचारावं आणि पाच मिनिटं ऐकावं. चुकलं तर रागावू नये.

यातलं शेवटचं कलम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड आहे, कारण त्याला आपला वेळ लागतो. पण बियाण्यासाठी आपण गोणपाट भिजवून सात दिवस वाट पाहतोच ना? आज संध्याकाळी जेवायला बसताना पोराला एवढंच विचारून बघा. सुरुवातीला थोडंच सांगेल. परवा पुन्हा विचारा.